मुंडणाचा दिवस

१

लामुनचा दिवस दोन कामांनी सुरू व्हायचा. आधी कालव्याच्या पायरीवर बसून भिक्षूंच्या होडीत गरम भात वाढायचा, आणि मग घरात येऊन नवऱ्याची दाढी करायची. पहिल्या कामात लग्न झाल्यापासून तिने एक दिवस खंड पडू दिला नव्हता. पूर आला तेव्हा पायरी बुडाली, तर ती खिडकीतून भात वाढत होती. दुसरं काम मात्र दोन पावसाळ्यांपूर्वी अंगावर आलेलं, आणि त्यात तिचा हात अजून बसला नव्हता.

नवरा, सांगुआन, स्वतः न्हावी. कालव्याकाठच्या बाजारात पुढे दुकान आणि मागे घर, अशी त्यांची लाकडी जागा. चव्वेचाळीस वर्षं त्याने एका खुर्चीमागे उभं राहून अख्ख्या बाजाराच्या दाढ्या घोटल्या. मग एका सकाळी गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं कापड झटकता झटकता तो मटकन खाली बसला, आणि उजवं अंग गेलं ते गेलंच. वाचाही गेली. उरला एक हुंकार, ‘अं’. हो, नाही, भूक, हसू, सगळं त्याने त्या एका ‘अं’मध्ये बसवलं होतं. लामुनने त्याची खाट दुकानात उघडणाऱ्या दारापाशी लावून घेतली. तिथून त्याला आपली खुर्ची दिसायची आणि भिंतीवरचा मोठा आरसा दिसायचा.

पेज भरवताना ती त्याच्या मांडीवर पंचा पसरायची. लहान मुलासारखं भरवून घेणं त्याला आवडत नसे. डाव्या हाताने तो पंचा आपल्याकडे ओढायचा, एकाच बाजूने ओढल्यामुळे पंचा तिरका जायचा, वाटी कलंडायची आणि पेज सांडायची. रोज. लामुन पुसून काढायची आणि पुन्हा वाढायची.

दाढीसाठी ती सेफ्टी रेझर वापरी. मुलीने, ओरापिनने, बँकॉकहून आणून दिलेला. वस्तऱ्याला हात लावायची तिची छाती नव्हती. धडधाकट होता तेव्हा सांगुआनने या रेझरला जन्मभर नावं ठेवली. वस्तऱ्याला मान असते, म्हणायचा, चेहरा जसा वळेल तशी ती वळते. ह्याला मानच नाही, ह्याला सगळ्या जगाचे गाल एकाच मापाचे वाटतात. कुंपण घातलेला नांगर आहे तो. वर गिऱ्हाइकाला पटवून द्यायची त्याची एक रीत होती. दाढी झाली की चिमटीभर सावरीचा कापूस घ्यायचा आणि गालावर सोडायचा. रेझरची दाढी असेल तर कापूस कुठेतरी अडकतो. वस्तऱ्याने उलटी घोटलेली असेल तर सरळ घसरून मांडीवर पडतो.

लामुनच्या दाढीत कापूस अडकायचाच. कानाखाली, जबड्याच्या वळणावर, हनुवटीच्या खळीत. सांगुआन डावा हात गालावरून फिरवायचा, तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, ‘अं’. या ‘अं’चा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. शिकाऊ.

“असू दे हो, पी,” ती म्हणायची. “रक्त तरी काढत नाही ना मी.” लग्नापासून ती त्याला पी म्हणे, आपल्याहून मोठ्या माणसाला म्हणतात तसं. मनात तिला वाटायचं, वस्तऱ्याला कसब लागतं, रेझरला नुसती माया पुरते. हे काही कमी नाही.

त्या दिवशी वर्षावासाला, भिक्षूंच्या पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या मुक्कामाला, तीन आठवडे उरले होते, आणि मुंडणाचा दिवस होता. पवित्र दिवसाचा आदला दिवस तो मुंडणाचा, महिन्यातून चारदा येतो. भात वाढून लामुन आत आली. तिने फेस केला, सांगुआनच्या उजव्या गालाला ब्रश टेकवला आणि हात थांबवला.

उजव्या गालाची दाढी झालेली होती.

२

लामुनने आधी स्वतःवरच संशय घेतला. काल उजवीकडे आपण जास्त जोर दिला असेल. पण काल संध्याकाळी त्याचं तोंड पुसताना तिथले खुंट पंच्याला लागले होते, हे तिला आठवत होतं. मग वाटलं, लुळ्या बाजूला केस वाढायचे थांबले असतील. आरोग्य केंद्रातल्या नर्सला तिने गोळ्या आणताना सहज विचारावं तसं विचारलं. नर्स हसली. म्हणाली, मावशी, केसांना अर्धांगवायू कळत नाही, ते मेल्यावरसुद्धा थोडे वाढल्यासारखे दिसतात.

शेजारची चुआनमावशी नारळाच्या वड्या विकायची. तिला कुठल्याही गोष्टीत आधी बाई दिसायची. “तुझा म्हातारा गुपचूप उठून नटत असेल,” ती म्हणाली. “कोण आहे बघ हं ती. ह्या वयात नाकासमोर चालणारेच फसतात.” लामुन हसली. हसण्याने बरं वाटलं.

पण दुकानाची घडीची दारं आतून लावलेली होती. मागचं दार पायरीकडे उघडतं, आणि पायरीवर ती स्वतः बसली होती. भात वाढायला लागतो किती वेळ? भिक्षूंची होडी येते, पात्राचं झाकण उघडतं, भात, आमटी, एक फूल, हात जोडणं, आशीर्वाद. तेवढ्यात सांगुआन एकटा असतो. अख्ख्या दिवसात तेवढाच.

दुपारी तिने उशीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमटीभर कापूस काढला. सांगुआन डोळे मिटून पडला होता. तिने उजव्या गालावर कापूस सोडला. तो कानाखाली अडकला नाही. जबड्याच्या वळणावर अडकला नाही. तेल लावलेल्या पाटावरून थेंब ओघळावा तसा तो खाली आला आणि उशीवर पडला.

सांगुआनने डोळे उघडले. “अं,” तो म्हणाला, आणि या ‘अं’चा अर्थ तिला लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डाव्या गालाची दाढी केली. उजव्या गालावर काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी नव्हतं, पाचव्या दिवशी नव्हतं. तिथे केस पुन्हा उगवलेच नाहीत. तिचं काम निम्म्यावर आलं, आणि निम्मं काम कमी झालं म्हणून कुणी इतकं उदास होत नसेल, तितकी ती झाली.

३

वस्तरा दुकानातल्या फळीखालच्या खणात असायचा, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. काळ्या शिंगाची मूठ. लामुनने तो उघडून पाहिला. कोरडा, थंड, तेलाचा पातळ थर जसाच्या तसा.

शेवटची दहा वर्षं या वस्तऱ्याने बाजारातल्या कुणाचीच दाढी झाली नव्हती. आरोग्य खात्याने सांगितलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं. सांगुआनने कुरकुर करत अर्धं पातं अडकवायची दांडी आणली, आणि वस्तरा एका डोक्यापुरता ठेवला. ते डोकं म्हणजे विहारातले थोरले भंते.

थोरल्या भंतेंना रेझर चालत नसे. तो खुंट ठेवतो, म्हणायचे, ध्यानाला बसलं की डोक्यावरून बेडूक फिरल्यासारखं वाटतं. दर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सांगुआन वस्तरा आणि चामड्याचा पट्टा घेऊन विहारात जायचा, त्यांचं डोकं घोटायचा आणि शेवटी भुवया काढायचा. भिक्षूच्या भुवया ठेवायच्या नाहीत, ही रीतच आहे. नव्याने भिक्षूचं वस्त्र, चीवर, घेणाऱ्या पोरांची डोकी मात्र थोरले भंते स्वतः करायचे, सांगुआनचाच वस्तरा मागून घेऊन. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी जन्मापासून वाकडी होती, आकड्यासारखी. ती वस्तऱ्याच्या मागच्या टोकावर, शेपटीवर, अशी बसायची की सांगुआन म्हणायचा, भंते, हे बोट न्हाव्याचं होतं, चुकून विहारात आलं.

आणि दर वेळी भंते एकच विचारायचे. “तीस वर्षं तू माझं डोकं करतोयस, सांगुआन. तुझं करायची पाळी माझ्यावर कधी येणार?”

“हे गिऱ्हाईक झालं की आलोच, भंते.”

दोघं हसायचे. लामुन हसायची नाही, कारण त्या थट्टेचं मूळ तिच्याकडे होतं. ओरापिन तीन वर्षांची असताना तापाने फणफणली. चौथ्या दिवशी पोरीने डोळे फिरवले, तेव्हा लामुन विहाराच्या मोठ्या मूर्तीपुढे पालथी पडली आणि बोलून गेली, पोर वाचली तर हिचा बाप एक वर्षावास चीवर घालेल. नवऱ्याला विचारलं नव्हतं. विचारायला वेळ कुठे होता? पोर वाचली. सांगुआन नाही म्हणाला नाही. म्हणाला, यंदा नको, दुकान नवं आहे. पुढच्या वर्षी म्हणाला, आई आजारी आहे. मग ओरापिनची शाळा, मग छप्पर. शेवटी लामुनच्याच जिवाला घोर लागला, आणि तिने शंभर अंडी उकडून मूर्तीपुढे मांडली. नवस फेडायला अंडी चालतात, सगळा बाजार तसाच फेडतो.

थोरल्या भंतेंनी त्यातलं एक अंडं सोलून खाल्लं होतं. छान उकडलीयत, म्हणाले. मग हळूच म्हणाले, “पण लामुन, तू बोलली होतीस माणूस, आणि आणलीस अंडी.”

त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली होती. चितेपूर्वी त्यांच्या डोक्यावरून शेवटचा वस्तरा सांगुआननेच फिरवला होता.

४

पुढच्या मुंडणाच्या दिवशी होडी पायरीला लागली. नवे भंते तरुण होते, वल्हं आडवं धरून खाली नजर लावून बसायचे. लामुनने भाताचा पहिला डाव पात्रात टाकला, आणि आतून आवाज आला. सप्. सप्. सप्.

चामड्यावर वस्तरा परजल्याचा आवाज. चौतीस वर्षं चुलीपाशी बसून तिने तो रोज ऐकला होता. तो आवाज आला की घर ठीक आहे, पी कामाला लागला, आता चहा टाकावा, असं तिचं मन आपोआप म्हणायचं. आत्ताही तसंच म्हणालं. एका श्वासापुरता तिला खरोखर आनंद झाला.

मग डाव तिच्या हातात जड झाला. भंतेंनी नजर उचलून दुकानाच्या भिंतीकडे पाहिलं. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं. डाव पात्राच्या काठाला लागून खण्णकन वाजला आणि आतला आवाज बंद झाला.

आशीर्वाद संपेपर्यंत ती हात जोडून बसली, कारण त्यातून उठून जाणं तिला जमलंच नसतं. मग धावत आत गेली.

डावा गाल, हनुवटी, ओठावरची जागा, सगळं तुळतुळीत झालं होतं. कुठे फेस नाही, पाण्याचा थेंब नाही. पट्टा आपल्या खिळ्यावर लोंबत होता. सांगुआन उशीला टेकून बसला होता, आणि त्याचा डावा हात छातीपाशी उभा होता, बोटं जुळवलेली. दोन हात असते तर त्याला नमस्कार म्हटलं असतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्याच्या जरा वर, आरशात बघत होता.

लामुनने मागे वळून पाहिलं. आरशात रिकामी खुर्ची होती. तिच्या पाठीवर कापूस टाकला असता तरी तो जाणवला असता, इतकी तिची कातडी जागी झाली होती. तरीही नवऱ्याचा हात हळूच खाली करून तिने त्यावर पांघरूण घातलं. हवा गार होती.

५

शनिवारी ओरापिन आली. ती बँकॉकच्या एका शाळेत गणित शिकवायची, आणि आईच्या गोष्टी ऐकताना तिचा चेहरा पोराची चुकलेली वही तपासताना होतो तसा व्हायचा. तिने सगळं ऐकून घेतलं. बाबांच्या गालावरून हात फिरवला, जरा वेळ तिथेच ठेवला. मग म्हणाली, “आई, तू स्वतःच करतेस आणि विसरतेस. थकलीयस तू. ह्यात लाजायचं काय?”

“वस्तऱ्याने? मी?”

“हात शिकतो. तू चाळीस वर्षं बघितलंयस.”

लामुनला ते मनापासून पटावंसं वाटलं. आपणच करतो आणि विसरतो, किती सोपं होतं ते. मायलेकींनी मिळून पेज भरवली, ओरापिनने बापाला वर्गातल्या पोरांच्या नकला करून दाखवल्या, तो ‘अं अं’ करून हसला, आणि जाताना तिने आईकडून वस्तरा मागून घेऊन फडक्यासकट पिशवीत टाकला. “आता बघू,” ती म्हणाली.

तिसरा मुंडणाचा दिवस बुधवारी आला. लामुन त्या सकाळी जरा निर्धास्त होती. वस्तरा बँकॉकला, आणि बुधवारी केस कापायचे नसतात. त्या बाजारातच काय, अख्ख्या मुलखात बुधवारी न्हावी दुकान उघडत नाही. सांगुआनने राजाचा माणूस आला असता तरी बुधवारी कात्री उचलली नसती.

भात वाढून ती आत आली तेव्हा सांगुआनचं डोकं तांब्याच्या भांड्यासारखं चकाकत होतं. पांढरे केस, जे ती रोज खोबरेल लावून मागे बसवायची, त्यातला एकही डोक्यावर नव्हता, उशीवर नव्हता, जमिनीवर नव्हता. चेहऱ्यावर केस म्हणाल तर दोन भुवया.

ती खाटेच्या कडेला बसली. बुधवार, तिच्या मनात आलं. न्हावी बुधवारी हात लावणार नाही. म्हणजे हा न्हावी नाही.

दुपारी भांडी घासायला ती पायरीवर गेली. पाण्यालगतच्या शेवटच्या पायरीवर कमळाचं एक पान घडी घालून ठेवलेलं होतं, वर काडी टोचलेली. चीवर घेणाऱ्याचे केस असेच कमळाच्या पानात गुंडाळून पाण्यात सोडतात. तिने काडी काढली नाही. पान हातात घेतलं, ते पाखरासारखं हलकं होतं आणि त्याला खोबरेलाचा वास होता. तिने ते पाण्यावर ठेवलं आणि वाकून बघत राहिली, ते नारळीच्या सावलीतून वळणापलीकडे जाईपर्यंत.

संध्याकाळी चुआनमावशी हाक मारत आली. तिच्या घरी फोन होता. ओरापिनचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. तिने विचारलं, बाबा बरे आहेत का. मग विचारलं, आईने वस्तरा देताना नीट पुसून दिला होता ना. लामुन म्हणाली, हो, तेल लावून.

“मूठ ओली आहे, आई. खाचेत साबण आहे.” मग म्हणाली, “कपाटाला कुलूप होतं.”

६

पुढच्या आठवड्यात विहारात जाताना लामुनने केळीच्या पानात गोड भात नेला. तरुण भंतेंनी आपल्यापुढे पिवळं कापड पसरलं आणि त्याची जवळची दोन टोकं दोन्ही हातांनी धरली. बाईच्या हातून भिक्षू काही घेत नाही. बाईने कापडाच्या दुसऱ्या टोकावर ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा, मग भिक्षूने कापड आपल्याकडे ओढायचं. लामुनने भात ठेवला आणि हात मागे घेतला. हे तिने हजारदा केलं होतं. आज पहिल्यांदाच त्या दोन हातांमधलं अंतर तिच्या डोळ्यांत भरलं.

तिने नवस सांगितला, अंडी सांगितली, बाकीचं अर्धं सांगितलं. विचारलं, आत्ता, असं असताना, सांगुआनला एका वर्षावासापुरतं चीवर देता येईल का. भंतेंनी मान हलवली. लुळ्या माणसाला दीक्षा देता येत नाही, तो त्यांचा नव्हे, फार जुना नियम आहे. फार मऊ आवाजात म्हणाले, नवस फिटला असंच समजा, तुम्ही गेली दोन वर्षं रोज फेडताच आहात. त्यांच्या डोक्यावर रेझरच्या फिरण्यातून सुटलेले खुंट उन्हात चमकत होते.

निघताना लामुन दारात थांबली. “भंते, एखाद्याचं सगळं झालं असेल, डोकं, दाढी, सगळं, आणि नुसत्या भुवया उरल्या असतील तर?”

भंते जरा हसले. “तर तो अजून घरचाच. भुवया गेल्या की तुम्हाला त्यांना हात लावता येणार नाही, एवढंच.” मग त्यांचं हसू विझत गेलं. त्यांना कदाचित होडीतून ऐकलेला आवाज आठवला असावा. “पौर्णिमा शुक्रवारी आहे,” ते म्हणाले, तिने विचारलं नसतानाही.

वाटेत लामुन स्वतःशी हिशेब करत राहिली, पण तो दिवसांचा नव्हता. हात लावायचा नाही म्हणजे कूस कोण बदलणार? पाठीला पावडर कोण लावणार? रात्री त्याच्या पायात गोळा येतो, तो कोण चोळणार? आणि सकाळी गालावर हात ठेवून त्याला उठवायचं, ते? एवढ्या वर्षांच्या पूजेअर्चेत, वातीफुलांत, तिने देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. माणूस डोळ्यांपुढे असू दे, एवढंच म्हणाली होती. हाताखाली असू दे, हे म्हणायचं राहून गेलं होतं.

बाजारातून तिने कमळाचं एक पान घेतलं. वड्या गुंडाळायला होईल, असं मनाला सांगितलं.

७

गुरुवारी, पौर्णिमेच्या आदल्या सकाळी, ती रोजच्या वेळी उठली. भात शिजवला, पण वाढायचा डबा भरला नाही. त्याच भाताची पेज केली. आज ती पायरीवर जाणार नव्हती. सांगुआनला ती एकटं सोडणार नव्हती.

तिने त्याला उशांना टेकवून बसवलं. करण्यासारखी दाढी उरली नव्हती, तरी तिने कोमट पाणी आणलं आणि दाट फेस केला. रेझरमधलं पातं काढून ठेवलं आणि रिकामा रेझर त्याच्या गालांवरून फिरवला, पोरं बापाच्या दाढीचा खेळ खेळतात तसा. कानाखाली, जबड्याच्या वळणावर, हनुवटीच्या खळीत. पंच्याने पुसून चिमटीभर कापूस सोडला. कापूस सरळ घसरला आणि त्याच्या मांडीवर पडला.

“अं,” सांगुआन म्हणाला. या वेळी तो ‘शिकाऊ’ नव्हता. तिला हसू आलं आणि डोळे भरले.

“पी,” तिने विचारलं, “जायचंय का तुम्हाला?”

तो आरशात बघत होता. मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, डावा हात उचलला आणि तिचं मनगट धरलं. बराच वेळ धरलं. बाहेर वल्ह्याचा आवाज आला, होडी पायरीला लागली. पात्राचं झाकण वाजलं. थोडा वेळ काहीच नाही. मग होडी पुढे गेली. सांगुआनने तिचं मनगट सोडलं.

लामुनने आपला उजवा तळवा त्याच्या दोन्ही भुवयांवर ठेवला आणि तशीच बसली.

सप्. सप्. सप्.

दुकानात पट्टा खिळ्यावर नुसता लोंबत होता. तो जरासुद्धा हलत नव्हता, आणि आवाज येत होता. तिने डोळे घट्ट मिटले. फळ्या करकरल्या, एकदा, मग दुसऱ्यांदा, जवळ. आवाज थांबला. कुणीतरी उभं राहिलं.

काहीच झालं नाही. तळवा ओढला गेला नाही, कुणी बोललं नाही. कुणीतरी फक्त थांबून होतं. आणि थांबण्याची ती तऱ्हा लामुनला ओळखीची वाटली. पहिल्यांदा खुर्चीत बसवलेलं पोर हुंदके द्यायला लागलं की सांगुआन असाच थांबायचा, हात मागे घेऊन, त्याचं रडणं आटपेपर्यंत. कधी घाई केली नाही त्याने. ही तऱ्हा तो कुणाकडून शिकला होता, ते तिने त्याला कधी विचारलं नव्हतं.

भीती गेली नाही. ती नुसती पायांत उतरली, आणि छातीत जागा झाली. मी बोललेला माणूस, तिला वाटलं. पानही मीच धरायला हवं.

तिने तळवा काढला. काढता काढता अंगठ्याने एकदा डावी भुवई नीट बसवली, एकदा उजवी. कमळाचं पान दोन्ही हातांत घेतलं आणि त्याच्या हनुवटीखाली धरलं.

भुवईवरून वस्तरा जाताना फार बारीक आवाज होतो. कोवळ्या भाजीचा देठ मोडावा तेवढाच. पानावर कापसाहून हलकं काहीतरी पडलं. दुसऱ्या भुवईच्या वेळी तिला राहवलं नाही. तिने डोळे किलकिले केले आणि आरशात पाहिलं, फक्त खालच्या अर्ध्या भागात. तिथे पान दिसलं, तिचे हात दिसले, सांगुआनचा शांत चेहरा दिसला. आणि त्याच्या कपाळाजवळ एक करंगळी दिसली, वाकडी, आकड्यासारखी. तिने नजर वर नेली नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पान हातात होतं. दुकानात सकाळचं ऊन आलं होतं. सांगुआनच्या कानाखाली फेसाचा एक ठिपका राहिला होता, आणि सवयीने तिचा हात पंचा घेऊन पुढे गेला.

चार बोटांवर तो थांबला.

लामुनने हात मागे घेतला. ती खाटेपुढे गुडघ्यांवर बसली. पंचा उलगडून त्याचं एक टोक तिने त्याच्या मांडीवर अलगद टाकलं, बोट लागणार नाही असं. आपल्याकडच्या टोकावर पेजेची वाटी ठेवली, अजून वाफ येत होती. मग हात जोडून तिने मान खाली घातली आणि नजर पंच्यावर ठेवली. आजचा भात वाढायचा राहिला नव्हता तर.

पंचा हलला. दोन वर्षं ती रोज बघत होती, एका हाताने ओढला की पंचा तिरका जातो, वाटी कलंडते. ती वाटी कलंडण्याची वाट बघत राहिली.

वाटी कलंडली नाही. पंचा दोन्ही टोकांना सारखा ताणला गेला, आणि सरळ एका रेषेत, हळूहळू, तिच्यापासून दूर गेला.